असईचा विजेता आणि नागपूरचें राज्य

वर्धा नदी ओलांडतांना प्रवाशास ती एकेकाळीं दोन राज्यांची सीमा होती, हें सहसा आठवत नाहीं. सन १८०३ च्या डिसेंबरांत नदीच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. पूर्वेकडील नागपूर, उमरेड, भिवापूर हा टापू त्यांच्याकडे राहिला. ही रेघ ज्या सेनापतीनें ओढली, तो आर्थर वेलस्ली पुढें वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जगास माहीत झाला.

आयर्लंडमधील मॉर्निंग्टनच्या अर्लचा हा मुलगा १७६९ सालीं जन्मला. ईटनच्या शाळेंत त्याची बुद्धि चमकली नाहीं. फिडल वाजविण्यापलीकडे त्याच्या अंगीं विशेष गुण घरच्यांस दिसेना, म्हणून त्यास लष्करांत घालण्यांत आलें. १७९७ त तो कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षीं त्याचा वडील भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला, हें त्याचें भाग्य खरें. परंतु केवळ वशिल्यानें लढाया जिंकतां येत नाहींत. १८०० सालीं धोंड्या वाघाचा पाठलाग करतांना तो एक धडा शिकला: या देशांत फौज चालते ती बैलांच्या खांद्यावर. म्हैसुरी बैल व धान्याचा सांठा यांची चौकशी तो स्वतः करूं लागला.

१८०२ च्या वसईच्या तहानें पेशवे इंग्रजांच्या आश्रयास गेले. तो तह शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांस मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टांत युद्ध पेटलें. २३ सप्टेंबर रोजीं भोकरदनच्या बाजूस असईपाशीं उभय फौजांची गांठ पडली. केळणा नदीस उतार नाहीं, असें वाटाड्ये सांगत होते. पण दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसतांच, गांवकऱ्यांची जाये असल्याखेरीज राहणार नाहीं, असें वेलस्लीनें ताडलें आणि तेथूनच सैन्य पार नेलें. शिंद्यांच्या तोफा व पलटणी निकरानें लढल्या. मराठ्यांचें घोडदळ मात्र फारसें लढाईंत उतरलें नाहीं. इंग्रजांचीं सुमारें १,६०० माणसें मेलीं वा जखमी झालीं. वेलस्लीचे दोन घोडे पडले. उतारवयांत त्यास सर्वांत उत्तम लढाई कोणती, असें विचारलें असतां त्यानें असईचेंच नांव घेतल्याची नोंद आहे.

२९ नोव्हेंबर रोजीं अडगांवास रघूजींचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू उभे ठाकले. तोफा सुरू होतांच वेलस्लीच्या कांहीं पलटणी पळूं लागल्या. त्यानें स्वतः पुढें होऊन त्यांस सांवरलें व लढाई जिंकली. नंतर कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें सातपुड्याच्या रानांतून तोफा ओढीत नेऊन गाविलगडास भगदाड पाडलें. १५ डिसेंबर रोजीं गड पडला; किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां कामास आला.

दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे व वर्धेपलीकडील वऱ्हाड निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा परत मिळाले. पण नागपुरास इंग्रज रेसिडेंट बसला. असईस वेलस्लीबरोबर असलेला एल्फिन्स्टन हाच तो पहिला पाहुणा.

वेलस्ली १८०५ त स्वदेशीं परतला. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमांतही फौजेच्या दाणागोट्याची तीच काळजी वाहून त्यानें फ्रेंचांस मागें रेटलें आणि १८१५ त वॉटर्लूस नेपोलियनचा पाडाव केला. १८२८ त तो इंग्लंडचा मुख्य प्रधानही झाला.

तो शूर होता, पण त्याच्या यशांत आमच्या फुटीचा वांटा मोठा होता. १८०३ त यशवंतराव होळकर बाजूस उभे राहिले. १८०४ त त्यांच्यावर पाळी आली, तेव्हां भोसले तहानें बांधले गेले होते. १८५२ त वेलिंग्टन वारला. पुढच्या वर्षीं तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले, आणि १८५४ त वर्धेच्या अलीकडचा उरलेला मुलूखही खालसा झाला. त्यासाठीं कोणास लढाई द्यावी लागली नाहीं. लखोट्यांतून आलेला एक हुकूम पुरला.