बंदूक, भिंग आणि घरटे

पक्षी ओळखावयाचा म्हणजे प्रथम तो मारावयाचा, असा एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्राचा परिपाठ होता. विद्वान बंदूक घेऊन रानात शिरत. पाडलेल्या पक्ष्याचे कातडे सोलून, त्यात कापूस भरून आणि पायाला चिठ्ठी बांधून तो नमुना संग्रहालयाकडे धाडीत. काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात पक्षी व अंडी मिळून ८०,००० हून अधिक नमुने होते. ही माणसे निर्दय होती असे नव्हे. पक्ष्यांवर त्यांचे प्रेमच होते. परंतु हाती आलेल्या देहावाचून दुसरा पुरावा त्या काळी कोणी ग्राह्य धरीत नसे.

हा पुरावा प्राणहानीवाचून मिळू लागला, ही छायाचित्रणकलेने पक्षिसृष्टीवर केलेली मोठी कृपा होय. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनचा लेप दिलेली कोरडी काच सुचविली. तत्पूर्वी काच जागेवरच ओली करून लगेच धुवावी लागे, त्यामुळे छायाचित्रकाराला अंधारकोठडी पाठीवर वाहून न्यावी लागत असे. कोरड्या काचेने त्याला रानाची वाट मोकळी करून दिली. १८८२ साली एत्येन-ज्युल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी एका सेकंदात १२ चित्रे घेणारे एक यंत्र तयार केले. त्याचा आकार हुबेहूब बंदुकीचा होता. नेम धरावयाचा, चाप ओढावयाचा, आणि पक्षी मात्र उडतच राहावयाचा!

तथापि या कलेला लोकप्रियता मिळवून दिली ती रिचर्ड व चेरी कीर्टन या दोन भावांनी. यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलखात वाढलेले हे दोघे लंडनमध्ये एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस होते. रिचर्ड लहानपणी झाडावरून पडून कायमचा लंगडा झाला होता. १८९२ साली चेरीने लंडनच्या उत्तरेस एका थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि त्यातूनच १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. त्यातील चित्रे कुंचल्याची नव्हती, कॅमेऱ्याची होती. १८९६ मध्ये हे बंधू स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटावर गेले आणि समुद्रपक्ष्यांची चित्रे घेऊन आले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी झाडाचे कृत्रिम पोकळ खोड केले. एवढेच नव्हे, तर एका बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहण्याची सोय केली. तो बैल कुरणात तासन् तास निश्चल उभा असे!

त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा विषय घरटी हाच का असावा? याचे उत्तर यंत्राच्या दुबळेपणात आहे. टेलिफोटो भिंग १८९१ च्या सुमारास इंग्लंड व जर्मनी येथे सिद्ध झाले होते. पण त्यातून येणारा प्रकाश मंद, आणि काचही संथ. साहजिकच पक्षी अगदी जवळ यावा आणि क्षणभर स्थिर बसावा, याखेरीज चित्र साधत नसे. पक्षी हमखास पुनःपुन्हा येतो आणि काही काळ बसतो, असे एकच ठिकाण होते, ते म्हणजे त्याचे घरटे. त्यामुळे घरट्यापासून काही फुटांवर लपण उभारणे ही पक्षिचित्रणाची मान्य रीत होऊन बसली.

या रीतीने उत्कृष्ट कलावंत घडविले. १९३७ साली इंग्लंडचे एरिक हॉस्किंग रात्री लपणीकडे जात असता एका घुबडाने पिलांच्या रक्षणार्थ त्यांच्यावर झेप घेतली. त्यात त्यांचा डावा डोळा गेला; तरी उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी पुढे अनेक दशके हाच व्यवसाय केला. हिंदुस्थानात रेल्वेतील अधिकारी ई. एच. एन. लोथर यांनी लपणीत बसून टिपलेल्या चित्रांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूर जपान्यांच्या हाती गेल्यावर तेथील धनिक लोक वान थो हे मुंबईत आश्रयास आले. सलीम अली यांच्या सहवासात त्यांचा पक्ष्यांचा छंद बहरला आणि १९५७ साली त्यांच्याही छायाचित्रांचा ग्रंथ निघाला.

परंतु या कलेचे मोल काही वेळा पक्ष्यांनाच द्यावे लागे. घरटे स्पष्ट दिसावे म्हणून समोरच्या डहाळ्या बाजूला बांधल्या जात, क्वचित तोडल्याही जात. डहाळी गेली की पिलांवरची सावली जाते आणि कावळ्याची नजर पडते. आईबाप बिचकून दूर राहिले, तर अंडी थंड होतात. जाणता छायाचित्रकार लपण रोज थोडी थोडी पुढे सरकवी, पक्षी सावरला नाही तर माघार घेई, आणि काम आटोपताच बांधलेल्या डहाळ्या सोडून पूर्ववत करी. ही माघार घेण्याची तयारी हेच त्याच्या विद्येचे खरे लक्षण होते.

त्यानंतर यंत्राचे सामर्थ्य उत्तरोत्तर वाढत गेले. काचेची जागा फिल्मने घेतली. १९८५ नंतर भिंगाची जुळवणी कॅमेरा आपोआप करू लागला. फिल्मही मागे पडली. जुन्या प्रचलित कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राच्या वेळी आतील आरसा खटकन् वर उचलला जाई, आणि त्या आवाजाने पक्षी दचके. २००८ पासून बाजारात आलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नाही. दृश्य थेट संवेदकावर पडते, त्यामुळे चित्र निःशब्द घेता येते. २०२० च्या सुमारास तर पानांच्या जाळीतून पक्ष्याचा डोळा शोधून त्यावरच नजर खिळवून ठेवणारे कॅमेरे निघाले. सेकंदाला २० ते ३० चित्रे ही त्यांची सहज गती आहे. जोडीला ६०० मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग असले, तर ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाला ५ फुटांवरून जेवढा पक्षी दिसेल तेवढा तो ६० फुटांवरून दिसतो.

या सामर्थ्याचा अर्थ महाराष्ट्राला रानपिंगळ्याच्या कथेवरून चांगला उमगावा. या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने बंदुकीने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणास खात्रीने आढळला नाही. मध्यंतरी रिचर्ड माइनरट्झहागेन यांनी १९१४ सालचा म्हणून एक नमुना पुढे केला होता. तो वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, असे पुढे सिद्ध झाले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांना शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा भर दिवसा फांदीवर बसलेला दिसला. त्यांनी त्याचे चित्रण केले, आणि तेवढा पुरावा जगाला पुरला. मेलेल्या कातड्याने खोटी साक्ष दिली होती. खरी साक्ष जिवंत पक्ष्याच्या चित्राने दिली!

म्हणूनच आज घरट्यापाशी गर्दी करणाऱ्या छायाचित्रकारांपाशी कीर्टन बंधूंची सबब उरलेली नाही. त्यांना जवळ जाणे भाग होते. यांना तसे काही कारण नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने ठराविक दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा ठरला असून तेथे छायाचित्रणासाठीही परवाना लागतो. भारतात अनेक स्पर्धांचे परीक्षक घरट्यांची चित्रे स्वीकारीत नाहीत. पण कायदा आणि परीक्षक प्रत्येक झाडाखाली उभे राहू शकत नाहीत. मोबाइलवरून आवाज ऐकवून पक्ष्याला भुलविणे, चित्रासोबत घरट्याचा ठावठिकाणा जाहीर करणे, हे मोह घरबसल्याही सुटत नाहीत.

कॅमेरा डोळा शोधून देतो, अंतर तोडून देतो, क्षणही पकडून देतो. पक्षी मान ताठ करून सारखा ओरडू लागला, तोंडात किडा धरून घरट्याभोवती घिरट्या घालू लागला, म्हणजे मागे फिरावयाचे, हे मात्र तो सांगत नाही. बैलाच्या कातड्यात घामाघूम होऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ते तासन् तासांच्या निरीक्षणाने कळत असे. नव्या यंत्राने ते निरीक्षण अनावश्यक केलेले नाही. ६० फुटांवरून, सावकाश आणि कोणास त्रास न देता करण्याची सोय तेवढी करून दिली आहे.