गाडीच्या लांब प्रवासात कंबर आखडू नये म्हणून

गणपतीला अंधेरीहून सावंतवाडीला गाडीने जायचे म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर बसून प्रवास. एकाच स्थितीत बसल्याने कमरेचे स्नायू आखडतात, मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. खड्ड्यांचे हादरे त्यात भर घालतात.

बसताना: पाठ किंचित मागे कललेली ठेवून सीटला पूर्ण टेकवा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. मागच्या खिशातले पाकीट काढा.

वाटेत: दर दीड-दोन तासांनी उतरून ५ मिनिटे चाला. पेण, महाड, चिपळूण, हातखंबा असे थांबे आधीच ठरवा. कोंडीत अडकल्यास, गाडी चालवत नसाल तर, घोटे फिरवत राहा.

पोहोचल्यावर: बराच वेळ बसल्यानंतर कंबर लगेच वजन पेलायला तयार नसते. म्हणून डिकीतले सामान काढण्याआधी थोडे चाला. मग गुडघे वाकवून, बॅग अंगाजवळ धरून उचला.

डॉक्टरांकडे कधी जावे? वेदना पायात उतरत असेल तर लवकर दाखवा. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या. रक्ताची गुठळी असू शकते. पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठा.