ओझरचं विमान, पण इंजिन कुणाचं?

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क १ए उडालं. लासूरच्या प्रत्येक ग्रुपवर दिवसभर तोच व्हिडिओ. अभिमान आहेच, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं काम आहे. पण त्यातलं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, एफ-४०४. ते वेळेवर आलं नाही म्हणून तेजस रखडलं, हे मात्र कुणी लिहिलं नाही. म्हणून थोडा इतिहास.

१९६२ ला सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार झाला. वाटणी अशी झाली: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. तेव्हा यशवंतराव संरक्षणमंत्री होते, अन् १९६३ ला नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले. कारखाना त्यांच्यामुळं आला असं नाशिककडचे जुने लोक सांगतात. कोरापुटला इंजिनं बनली, पण आराखडा दुसऱ्याचा. हुकमाबरहुकूम बनवणं वेगळं अन् स्वतः रचणं वेगळं.

स्वतः रचायचा प्रयत्न म्हणजे कावेरी. १९८९ ला मंजुरी, ३८२ कोटी. वजन जास्त भरलं, जोर कमी पडला. २००८ ला तेजसपासून वेगळं काढलं.

अवघड जागा कोणती? टर्बाइनचं पातं. त्यावर येणारा वायू दीड हजार अंशांच्याही पुढं, आणि पात्याचा निकेल मिश्रधातू तेराशे-चौदाशेच्या दरम्यान वितळतो! तरी ते टिकतं, कारण पातं आतून पोकळ असतं, त्यातून गार हवा खेळवतात, वरून सिरॅमिकचा लेप देतात. तेवढ्यानंही भागत नाही. साध्या धातूत बारीक कण असतात. ताप अन् फिरण्याची ओढ एकत्र आली की कणांच्या सांध्यांतून पातं हळूहळू ताणत जातं. मग सांधाच नको, म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. ही विद्या जगात मोजक्याच देशांकडं आहे, आणि ती कुणी सहजी देत नाही. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेनं अशी ६० पाती २०२१ ला एचएएलला दिली, हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी. आपल्याकडं ही बातमी आतल्या पानावर आली.

पुण्याच्या भारत फोर्जनं रोल्स-रॉईसशी पंख्याच्या पात्यांचा करार केलाय. चांगलंच आहे, पण पंखा म्हणजे इंजिनाची थंड बाजू.

आपली पोरं आयटीआय करून वाळूजला सीएनसीवर उभी राहतात. हात तयार आहेत. पण धातू कसा ओततात, ते या पोरांना शिकवणारं वाळूजच्या आसपास काय आहे? कुणाच्या घरातलं कुणी ओझरला किंवा कोरापुटला होतं का? असेल तर सांगा, भेटायला येतो.