मुक्तस्रोत व्यावसायिक डेस्कटॉप : गरजांची पाहणी

दुकान, कारखाना किंवा कचेरीतल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आणि एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस आणायचे, तर तिथल्या रोजच्या कामाला नेमके काय लागते याचा आधी घेतलेला शोध. विकसनशील देशांत परवान्याचा खर्च वाचतो, एवढ्या कारणावर हा बदल टिकत नाही. बंगळुरूत ते ठळकपणे दिसते. 2001 मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद याच शहरात सुरू झाली, पुढे ती ‘फॉस डॉट इन’ झाली. आणि लिनक्सची वाट अडवणारे टॅलीही याच शहरातले.

श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी 1986 मध्ये या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू केला. टॅली विंडोजसाठी बनते. लिनक्सवर ते चालवायचे तर विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’सारखा आडमार्ग धरावा लागतो. बंगळुरूच्या चिकपेटेतल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारले तर तो ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा शब्दही काढणार नाही, ‘टॅली चालेल का?’ एवढेच विचारेल. त्याच्या मुनिमाची बोटे माउसकडे जातच नाहीत. एफ-8 दाबले की विक्री, एफ-9 दाबले की खरेदी. वर्षाअखेरीस तोच डेटा सीएकडे जातो आणि सीएकडेही टॅलीच असते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि विवरणपत्राच्या तारखांनी ही साखळी आणखी घट्ट केली. म्हणून पाहणी करणाऱ्याने प्रश्नावली वाटण्यापेक्षा विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत मुनिमाशेजारी बसावे. खरी गरज तिथे कळते.

बाकीच्या अडचणी किरकोळ वाटतात, पण काम त्यांच्यापाशीच अडते. सलग कागदावर कार्बन प्रतीसह बिल छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन यांचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का, हे प्रत्यक्ष जोडूनच पाहावे लागते. जुन्या ‘नुडी’ फाँटमधली कन्नड पत्रे युनिकोडमध्ये आणावी लागतात. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या मराठी फायलींचेही हेच दुखणे आहे.

भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर यांचा ‘सिंप्युटर’ हा लिनक्सवरचा हातातला संगणक डेस्कटॉप नव्हता, तरी त्याचा धडा इथे लागू पडतो. भारतीय भाषांतले वाचिक उत्तर, अनेकांनी एकच यंत्र वापरावे म्हणून स्मार्ट कार्ड, अशी वापरणाऱ्याची गरज त्यात नेमकी हेरली होती. 2004 मध्ये त्याची ‘अमिडा’ आवृत्ती बाजारात आली, पण अपेक्षेइतकी खपली नाही. वापरणाऱ्याचा विचार झाला, विकत घेणाऱ्याचा पुरेसा झाला नाही.

आता वाट ब्राउझरमधून निघते आहे. मुंबईत घडलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते आणि बंगळुरूची झिरोधा कंपनी ते वापरते. हिशेब ब्राउझरमध्ये गेले की खाली विंडोज आहे की लिनक्स, याने मुनिमाला फारसा फरक पडत नाही. तेव्हा लिनक्स आणू पाहणाऱ्यांनी आधी हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलून पाहावे, आणि त्या बैठकीला मालकाबरोबर मुनीम व सीए यांनाही बोलवावे.