सामाईक भिंत आणि समोरची पडवी

घरांचा इतिहास सांगताना आपले लोक बहुधा राजवाड्यापासून आरंभ करतात. आम्ही गिरगावातल्या खोताच्या वाडीपासून करणार आहो, आणि तेथून थेट लंडनच्या सेंट जॉन्स वूड या वस्तीत जाणार आहो. श्रोत्यांनी ही उडी क्षम्य मानावी. कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न पुढे आला. शहरात राहूनही घर सुटे, स्वतःचे वाटावे, हे मध्यम ऐपतीच्या माणसाने कसे साधावे?

लंडनने उत्तर शोधले ते भिंतीत. तोवर तेथील घरे ओळीने खांद्याला खांदा लावून उभी असत. सेंट जॉन्स वूडच्या १७९४ च्या आराखड्यात मात्र घरे जोडीजोडीने मांडलेली दिसतात. मधली एक भिंत दोघांत सामाईक. उरलेल्या तीन बाजूंना हवा, उजेड आणि बाग. बांधकाम पुढल्या शतकात झाले. आजारी राजाच्या वतीने युवराज जॉर्ज कारभार पाहत होता तो १८११ ते १८२० चा रीजन्सी काळ; त्याच्या आगेमागे ही तऱ्हा रुजली. भिंतीचा खर्च वाचे, आणि दर्शनी भाग असा जुळवीत की रस्त्यावरून दोन बिऱ्हाडांचा एकच मोठा बंगला भासावा. विटांवर गुळगुळीत गिलावा चढवून दगडाचा आव आणीत. थोडी काटकसर, थोडा बडेजाव. मध्यमवर्ग सगळीकडे सारखाच!

याच घरांना पुढे एक आणखी अलंकार लाभला. चेल्टनहॅम, ब्रायटन या गावी नक्षीदार लोखंडी कठड्याचे, वर तंबूसारखे छत असलेले व्हरांडे निघाले. हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातून. मूळ पोर्तुगीजांचे की आपले, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. वस्तू मात्र आपल्या ओळखीची आहे.

खोताच्या वाडीत ती शोभेची नव्हे, कामाची आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले, असे सांगतात. त्यांनी घरे बांधली ती बव्हंशी लाकडाची: समोर उघडी पडवी, मागे अंगण, आणि वरच्या मजल्याला बाहेरून जिना. या जिन्याकडे आम्ही श्रोत्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. वर जाणाऱ्याला खालच्या घरातून जावे लागत नाही. इंग्रजाने दोन बिऱ्हाडे शेजारी शेजारी ठेवून उभी भिंत घातली. येथे एकावर एक ठेवली तरी दोघांची वाट वेगळी राहते. पडवी पावसाची झड भिंतीपर्यंत येऊ देत नाही, उन्हाचा ताप अडवते, आणि तेथे बसलेल्या माणसाला गल्लीतून जाणाऱ्याशी उठल्यावाचून बोलता येते. घर सुटे, पण माणूस सुटा नाही.

दोन्हींतला खरा भेद जमिनीच्या मालकीचा आहे. सेंट जॉन्स वूडची जमीन आयर घराण्याने हातची सोडली नाही. घरे भाडेपट्ट्याने दिली, म्हणून साऱ्या वस्तीवर एकाची नजर राहिली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्गाने तेथली कित्येक घरे गिळलीच. वाडीत तुकडे विकले गेले. प्रत्येक घर आपापल्या धन्याचे. वारस वाढले, वाटण्या झाल्या, सागवानाची डागडुजी परवडेना, आणि एकेक घर बांधकाम-व्यावसायिकाकडे गेले. एके काळी येथे सुमारे ६५ घरे होती असे सांगतात; आज त्यांपैकी निम्मीदेखील उरलेली नाहीत. अनंताश्रम ही खानावळही बंद झाली, आणि तिच्या माशाच्या आमटीची आठवण काढणारे गिरगावकर अजून हळहळतात.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा-नियमावली आली. तीत एकट्या इमारतीबरोबर संबंध परिसर जपण्याचीही सोय आहे, आणि वाडीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. येथे एक घर पाडून उंच इमारत उभी राहिली की शेजारच्या चार पडव्यांचा उजेड जातो आणि माणसांच्या चालीला पुरणाऱ्या गल्लीत मोटारी शिरू पाहतात. मग पडवीला पडदा लागतो, पुढे जाळी, आणि अखेरीस भिंत.