शॉकअपमधलं तेल

गॅरेजमध्ये त्याला कुणी ‘शॉक ॲब्झॉर्बर’ म्हणत नाही. शॉकअप. “शॉकअप बसलेत,” एवढं मेस्त्री म्हणाला की गिऱ्हाइकाला सगळं कळतं. जिभेवर घासताना शब्दाचं शेपूट गळालं आणि गळालं ते नेमकं ‘शोषणारं’. गाडीकडे पाहतानाही आपलं तसंच होतं. नजरेत भरते ती स्प्रिंग. धक्का जिरवणारं तेल आत लपलेलं, म्हणून विसरलेलं.

स्प्रिंग जुनी. सुरुवातीच्या मोटरसायकली सायकलीच्याच पोटच्या: मागचं चाक सांगाड्याला जखडलेलं, कमरेची काय ती काळजी सीटखालच्या स्प्रिंगांनी घ्यायची. पुढच्या चाकासाठी एकात एक सरकणाऱ्या नळ्या यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ सालीच वापरल्या होत्या. पण स्प्रिंग घेतलेलं ठेवून घेत नाही. खड्ड्याचा धक्का ती पोटात घेते आणि लगेच परत करते. चाक उड्या मारत राहतं, आणि उडत्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण साधतं.

यावर आधी घर्षणाचा उपाय झाला. एकमेकींवर दाबलेल्या चकत्या, मूठ पिळून घट्ट-सैल करायच्या. त्या बारीक खरखरीला अडून बसत आणि मोठ्या दणक्याला अपुऱ्या पडत. तेलाचं नेमकं उलट. होळीची पिचकारी आठवा: दांडा हळू दाबला तर सहज आत जातो, जोर केला तर तोच हाताला अडवतो. बारीक भोकातून जाणारं तेल तसंच. धक्का जितका वेगाचा, तितका त्याचा आवर मोठा. धक्क्याची ताकद तिथेच उष्णता होऊन विरते.

बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर१२ आणि आर१७ या गाड्यांच्या पुढच्या नळ्यांत हे तेल भरलं आणि आजच्या फोर्कची घडण ठरली. मागचं चाक मात्र त्या गाड्यांतही जखडलेलंच होतं. तो प्रश्न सोडवणाऱ्यांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस. चाक एका झुलत्या दांड्यावर धरायचं आणि त्याच्या दोन बाजूंना तेलाचे शॉकअप उभे करायचे, ही त्याची मांडणी १९५० साली नॉर्टनच्या शर्यतीच्या गाडीत आली. चालवून पाहणारा हॅरल्ड डॅनियल म्हणाला, हा तर पिसांचा बिछाना! सांगाड्याचं नावच ‘फेदरबेड’ पडलं. त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत नॉर्टनने पहिले तिन्ही क्रमांक घेतले.

झुलता दांडा रॉयल एन्फील्डच्या बुलेटलाही होता. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि ती घडण आपल्या रस्त्यांवर रुजली. दोनाचा एक शॉकअप झाला तो बेल्जियमच्या ल्युसियाँ टिल्केन्स या अभियंत्यामुळे. त्यांची कल्पना यामाहाने घेतली आणि १९७३ साली हॉकान आंदेरसनने तिच्यावर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. आपल्याकडे मोनोशॉक हा शब्द पोरांच्या तोंडी रुळला तो २००८ नंतर, यामाहाच्याच आर१५ आणि एफझीमुळे.

आणि आता पोरं पहिल्यांदा मागतात तो महागडा मोनोशॉक. मला हे खटकतं. आधी स्वतःच्या वजनाला साजेशी स्प्रिंग आहे का, ते पाहावं. मागच्या शॉकअपची खाच फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त उचलली जाते, मागे माणूस बसला की खाली बसलेली मूळ जागेवर येते. पुढच्या फोर्कच्या नळीवर वाळलेला चिखल तसाच ठेवला तर तो ऑइल सील कापतो, आणि गळकं तेल ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर जिवाशी गाठ. इंजिन ऑइलची तारीख डायरीत लिहून ठेवणारा माणूस फोर्क ऑइल वर्षानुवर्षं बदलत नाही. ते काढलं की काळं, पातळ, कुजक्या मासळीच्या वासाचं निघतं. चांगला मेस्त्री ते थेंबन् थेंब निथळू देतो, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ओततो, नळी चार-सहा वेळा दाबून अडकलेली हवा काढतो. मग पट्टी आत सोडून तेलाची पातळी मोजतो, दोन्ही नळ्यांत सारखी.