आरसा, डायनिंग टेबल आणि दुप्पट जेवण

नवीन फ्लॅटचं इंटेरियर करायला काढलं की एक सल्ला हमखास मिळतो. डायनिंग टेबलाशेजारच्या भिंतीवर मोठ्ठा आरसा लावा. सल्ला देणारा इंटेरियरवाला असेल तर म्हणतो, खोली मोठी दिसेल. वास्तुवाला किंवा फेंगशुईवाला असेल तर म्हणतो, ताटातलं अन्न आरशात दुप्पट दिसतं, म्हणजे घरात बरकतही दुप्पट. माझ्या ओळखीत गेल्या काही वर्षांत ज्यांनी ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यातल्या निम्म्या लोकांकडे हा आरसा आहे. आणि ईएमआय मात्र कोणाचाच निम्मा झालेला नाही :-)

थट्टेचा भाग सोडा, पण मला प्रश्न पडला की ही कल्पना आली कुठून? "आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय" हे उत्तर तर बसत नाही, कारण सबंध भिंतीला पुरेल असा सपाट काचेचा आरसा ही वस्तूच जेमतेम सव्वातीनशे वर्षांची आहे. आणि आपल्याकडे जेवणाची वेगळी खोली तरी कुठे होती? माजघरात किंवा स्वयंपाकघरात पाट मांडायचे, पंगत उठली की पाट भिंतीला. आरसा असायचा तो फणी-करंड्याच्या पेटीत, तळहाताएवढा. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता हे खरं, पण तो मिरवायचा महाल, जेवायचा नव्हे. उलट जेवताना कोणी टक लावून बघू नये, अन्नाला नजर लागते, अशीच आपली समजूत. समोर आरसा लावून स्वतःचं जेवण स्वतःच बघत बसणं हे त्या जुन्या मनाला विचित्रच वाटलं असतं.

तेव्हा ही गोष्ट बाहेरून आली. कुठून, कशी, हे शोधत दोन-तीन वीकएंड घालवले. त्याचा हा वृत्तांत.

मुरानोचं ट्रेड सिक्रेट

सुरुवात व्हेनिसपासून करावी लागते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर नितळ काच बनवण्यात पटाईत होते. १५०७ साली दाल गालो आडनावाच्या दोन भावांनी तिथल्या सरकारकडे अर्ज केला की आम्हाला अशा काचेचे उत्तम आरसे बनवता येतात, तर त्याचा हक्क आम्हालाच द्या. तो त्यांना वीस वर्षांसाठी मिळाला. आजच्या भाषेत पेटंटच. पुढे दीड-एक शतक युरोपातले चांगले आरसे म्हणजे व्हेनिसचे आरसे. कारागिरांना बेट सोडून परदेशी जायला मनाई, गेलात तर शिक्षा.

आणि किमती? फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर १६८३ साली वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्यात चांदीच्या चौकटीतल्या एका व्हेनेशियन आरशाची किंमत लावली सुमारे आठ हजार लिव्र, आणि राफाएलच्या एका चित्राची तीन हजार. राफाएलपेक्षा आरसा महाग!

याच कोल्बेरने १६६५ मध्ये पॅरिसला सरकारी आशीर्वादाने आरशांची कंपनी काढली आणि त्यासाठी मुरानोचे कारागीर चक्क फोडून आणले. घसघशीत पगार, राहायची सोय, सगळं पॅकेज. आपल्या हेडहंटर मंडळींचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. १६६७ मध्ये त्यातले दोन कारागीर थोड्या दिवसांच्या अंतराने मेले आणि व्हेनिसने विषप्रयोग केला अशी कुजबूज सुरू झाली. आपल्याकडे नॉन-कॉम्पीट क्लॉज मोडला तर निदान नुसती नोटीस येते.

एकवीस तुकडे

या कंपनीने व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रसिद्ध आरसेमहालासाठी आरसे पुरवले. काम चाललं १६७८ ते १६८४. त्र्याहत्तर मीटर लांब दालन, सतरा कमानी, एकूण ३५७ आरसे. आता भागाकार करा : एका कमानीत एकवीस. म्हणजे चौदाव्या लुईसारख्या सम्राटालासुद्धा एक मोठा अखंड आरसा लावता आला नाही. त्याने तुकडे जोडले.

कारण तांत्रिक होतं. काच फुंकून बनायची. नळीतून फुंकून लांबोडा फुगा करायचा, तो उभा चिरायचा आणि गरम असतानाच उलगडून सपाट करायचा. आरसा केवढा होणार हे कारागिराची छाती आणि हात ठरवणार. हा खरा बॉटलनेक.

तो फुटला १६८८ च्या सुमारास. फ्रान्समध्येच काच ओतायची पद्धत आली. वितळलेला रस धातूच्या टेबलावर ओतायचा, वरून जड रूळ फिरवायचा, हळूहळू थंड करायचा, आणि मग दोन्ही बाजू घासून घासून गुळगुळीत करायच्या. आता पुरुषभर उंचीची अखंड काच शक्य झाली. पुढे हे काम सँ-गोबँ नावाच्या गावात हललं आणि कंपनीला गावाचं नाव पडलं. हो, तीच सेंट गोबेन, जिचा कारखाना २००० सालापासून तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला आहे. तुमच्या डायनिंगमधली काच कदाचित चौदाव्या लुईच्याच सप्लायरकडून आलेली असेल.

मेणबत्त्यांचा गुणाकार

मोठे आरसे आले, पण ते जेवणाच्या खोलीत का गेले? उत्तर आहे, अंधार.

अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत जेवणासाठी स्वतंत्र खोली ठेवायची पद्धत रुळली. त्याच काळात इंग्लंडमध्ये मुख्य जेवणाची वेळ दुपारवरून संध्याकाळकडे सरकत गेली. संध्याकाळ म्हणजे मेणबत्त्या. चरबीच्या मेणबत्त्यांना वास यायचा, चांगल्या मेणाच्या महाग, आणि इंग्लंडात १७०९ पासून १८३१ पर्यंत मेणबत्तीवर कर होता. अशा वेळी मेणबत्तीमागे आरसा लावला तर भिंतीने गिळलेला असता तो प्रकाश खोलीत परत येतो. एका मेणबत्तीच्या खर्चात जवळजवळ दोन. समोरासमोर दोन आरसे लावले तर मेणबत्त्यांची न संपणारी रांग. बेस केस नसलेलं रिकर्शन, पण दिसायला सुंदर.

इंग्लंडमधे दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा लावायची फॅशन आली. त्यातही लॉजिक आहे. दिवसा दोन्हीकडून उजेड येतो, तेव्हा मधला पट्टा सगळ्यात काळा दिसतो. आणि रात्री खिडकीची काच म्हणजे काळं भोक. तिथेच आरसा हवा. रॉबर्ट अॅडम हा त्या काळचा मोठा वास्तुरचनाकार. त्याने १७७३ साली छापलेल्या ग्रंथात जेवणाच्या खोलीविषयी मजेशीर टिपण केलं आहे : भिंतींवर कापडी पडदे नकोत, त्यात जेवणाचा वास राहतो; गिलाव्याचं नक्षीकाम बरं. आपल्या बिर्याणीनंतरच्या सोफ्याची आठवण आली! काचेवर वास राहत नाही, हा आरशाचा आणखी एक फायदा.

आरसा नुसता भिंतीवर राहिला नाही, टेबलावरही आडवा झाला. अमेरिकेचा अध्यक्ष जेम्स मन्रो याने १८१७ साली व्हाइट हाउससाठी पॅरिसहून सोनेरी मुलाम्याचा, आरशाच्या तळाचा लांबलचक तबकासारखा प्रकार मागवला. सात भाग जोडले की साधारण साडेचौदा फूट लांब. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, त्यावर मेणबत्त्या, फुलं. खाली सगळं दुप्पट. तो अजूनही तिथे आहे.

म्हणजे "आरशात दुप्पट होतं" ही गोष्ट खरीच होती. फक्त दुप्पट करायचा होता तो उजेड, भात नव्हे.

बिल कोणी भरलं

आता या गोष्टीतला न चमकणारा भाग. नुसती काच म्हणजे आरसा नाही, मागे धातू लागतो. तीनशेहून जास्त वर्षं तो असा लावत : कथलाचा पातळ पत्रा सपाट दगडावर पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची, वजनं ठेवायची आणि मग जास्तीचा पारा निथळायला ती दिवसेंदिवस तिरकी ठेवायची. खोलीभर पाऱ्याची वाफ. आरसा जितका मोठा तितका पारा जास्त.

पाऱ्याने हात थरथरतात, दात पडतात, माणूस चिडचिडा होतो, खंगतो. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मुरानोचे आरसेवाले नोंदवले आहेत. आपण घडवलेल्या आरशात आपलीच दशा बघायची त्यांना इच्छा नसते आणि ते आपल्या धंद्याला शिव्या घालतात, असा त्याचा आशय आहे. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. टेबलाच्या एका टोकाला मेणबत्त्यांचा गुणाकार चाललाय, आणि दुसऱ्या टोकाला, पाचशे मैलांवर, एकाला स्वतःचा चमचा धरवत नाही.

उपाय सापडला तरी लागू व्हायला वेळ लागला, हे तर आणखी वाईट. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याला दिसलं की विशिष्ट रसायनांनी काचेवर खऱ्या चांदीचा पातळ थर बसवता येतो. १८५० च्या दशकात त्याने आरशांसाठी वापरता येईल अशी पद्धत बसवली. पारा नाही, विष नाही. पण जुने कारखाने तेच करत राहिले. सवयीची पद्धत, बसलेली घडी. बव्हेरियातलं फ्युर्थ हे आरशांचं मोठं केंद्र. तिथे पाऱ्याचं काम बंद पडायला १८८० च्या दशकाची अखेर उजाडली, आणि तेसुद्धा सरकारने नियम कडक केल्यावर. म्हणजे शोध ते अंमल, पन्नास वर्षं. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे वाक्य फक्त लेगसी कोडपुरतं नाही.

इराण्याचा आरसा

काच स्वस्त होत गेली. इंग्लंडने काचेवरचा जुना कर १८४५ मध्ये उठवला. कारखाने वाढले, आणि आरसा सरदाराच्या जेवणघरातून बाहेर पडून पॅरिसच्या कॅफेत शिरला. तिथून बोटीने आपल्या मुंबईत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द, केरमान भागातून आलेल्या इराण्यांनी मुंबईत हॉटेलं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आणि भिंतीवर मोठाले बेल्जियन आरसे. अस्सल युरोपियन कॅफेचं सामान, पण ताटलीत ब्रून मस्का.

इथे आरशाची कामं बदलली. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन बाजूंनी उजेड येई, उरलेल्या भिंतींवरचे आरसे तो आत फिरवत. गल्ल्यावर बसलेल्या शेटला मान न वळवता मागचं टेबल दिसे. आणि गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा दिसे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, खिळ्याला टांगलेल्या वीतभर आरशात दाढी करणाऱ्या माणसाला असा पुरा आरसा दुसरीकडे कुठे मिळणार? इराण्याकडच्या सूचनांच्या पाट्यांवर "केस विंचरू नये" का असायचं, याचं मला तरी हेच कारण वाटतं.

मला यात एक मोठी गोष्ट दिसते. ज्या समाजात पंगत जातीने लागायची, कोणाच्या हातचं खायचं याचे नियम होते, तिथला माणूस चार आण्यांच्याही आत चहा-पाव घेऊन अनोळखी लोकांत बसतो, आणि समोरच्या आरशात त्याला तेच दिसतं : आपण आणि हे सगळे, एकाच खोलीत, खाताना. नजर लागायची भीती तिथे मागे पडली. व्हर्सायच्या आरशाने हे केलं नव्हतं.

तर मग, लावायचा का?

एवढं वाचल्यावर मला एक पॅटर्न दिसला. ज्या काळात जे कमी, ते आरशाकडून दुप्पट करून मागायचं. मेणबत्तीच्या काळात उजेड मागितला, इराण्याने वर डोळे मागितले. आपल्याकडे उजेड भरपूर आहे, एलईडी स्वस्त आहेत. कमी आहे ती जागा. म्हणून आपण जागा मागतो, आणि जोडीला बरकत, कारण नोकरीचा भरवसा नाही.

माझं मत विचाराल तर, जरूर लावा. पण दोन गोष्टी बघा. एक, वजन. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो. चार बाय सहा फुटाचा आरसा म्हणजे अठ्ठावीस किलोच्या आसपास, फ्रेम वेगळी. जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर टांगू नका, खाली आधार द्या. दोन, लावायच्या आधी कोणाला तरी त्या भिंतीपाशी एक छोटा आरसा धरायला सांगा आणि तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून बघा. खिडकी दिसली तर उत्तम. ओट्यावरची खरकटी भांडी दिसली तर ती दुप्पट होणार, हे लक्षात असू द्या. आणि समोरच्या भिंतीवरचा टीव्ही दिसला तर जेवताना एकाऐवजी दोन टीव्ही चालतील, आणि मग घरातली माणसं आरशात बघणारच नाहीत.